खुलासा: कुरोदांनी बचत खात्यांवर उणे व्याज लावले नव्हते

जपानची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ जपानचे तत्कालीन गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी २०१६ मध्ये लोकांच्या बचत खात्यांतून पैसे कापायला लावले, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२९ जानेवारीला ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या मतांनी ठरलेला उणे ०.१ टक्का दर (म्हणजे ठेवलेल्या पैशांवर व्याज मिळण्याऐवजी ते द्यावे लागणे) फक्त बँकांच्या मध्यवर्ती बँकेतील चालू खात्यांसाठी होता, आणि तोही पूर्ण शिलकीवर नाही. शिलकीचे तीन थर पाडले होते: जुन्या, मोठ्या थरावर ०.१ टक्का व्याज मिळे, मधल्याला शून्य आणि वर उरेल तेवढ्यालाच उणे.

खातेदाराला झळ बसली ती वेगळीच. मोठ्या बँकांनी बचतीचा दर ०.००१ टक्क्यावर आणला. दहा लाख येनवर वर्षाला १० येन! पण कापले काही नाही.

हा उणे दर मार्च २०२४ मध्ये उठवला, तो कुरोदांचे उत्तराधिकारी काझुओ उएदा यांच्या काळात.