स्ट्रॅटोसची काच, दार आणि चाकं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुरिनमध्ये डिझाइन शिकणाऱ्या एका मुलीनं पदवीच्या प्रकल्पासाठी लांचा स्ट्रॅटोस, म्हणजे इटलीची १९७० च्या दशकातली रॅलीची गाडी, नव्यानं मांडली, त्यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. तुम्ही त्यावर सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. त्या मुलीची गाडी म्हणजे जुन्या गाडीचं गिरवलेलं चित्र आहे. फेरारीचं व्ही-६ (सहा सिलिंडरचं) इंजिन काढून बॅटरी घातली की उरतो तो मुखवटा. आजच्या सुरक्षेच्या नियमांत असलं काही बसतच नाही. मूळ गाडी काढणाऱ्या मार्चेलो गांदिनींनाच अशी उजळणी मान्य नव्हती. आणि विद्यार्थ्यांचं काम म्हटलं की मी हात सैल सोडतो. जाता जाता तुम्ही चाकांबद्दलही एक वाक्य लिहिलंय. त्याकडे शेवटी येतो, कारण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्याच वाक्यानं.

आधी गांदिनी. मूळ काउंटाशही गांदिनींचीच; लॅम्बोर्गिनीनं २०२१ मध्ये नव्या काउंटाशच्या ११२ गाड्या जाहीर केल्या, तेव्हा आपला या गाडीशी काही संबंध नाही हे त्यांनी उघडपणे सांगितलं. प्रत्येक नवी गाडी आधीच्या गाडीपेक्षा पूर्ण वेगळी असली पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका. इथवर तुमचं बरोबर आहे. पण याच माणसानं स्ट्रॅटोस कशी घडवली ते बघा. १९७० च्या तुरिन मोटर शोमध्ये बर्तोनेनं, म्हणजे गांदिनी काम करत त्या डिझाइन कंपनीनं, स्ट्रॅटोस झीरो ठेवली. उंची अवघी ८४ सेंटिमीटर, बाजूला दारं नाहीत, पुढची काच वर उचलून आत शिरायचं. कंपनीचे प्रमुख नुच्चिओ बर्तोने ती चालवत लांचाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाचा आडवा दांडा वर होण्याआधीच त्याच्याखालून आत गेले, असं सांगतात. पुढच्याच वर्षी त्याच शहरात, त्याच शोमध्ये स्ट्रॅटोस एचएफ उभी राहिली. तीही गांदिनींचीच, पण झीरोची जवळजवळ एकही रेघ तिच्यात नव्हती. नाव तेच, सीटमागे इंजिन ही मांडणी तीच, बाकी सगळं नवं.

मधल्या काळात रॅली आली होती. लांचाच्या रॅली संघाचे प्रमुख चेझारे फिओरिओ यांना फुल्विया या आधीच्या गाडीच्या जागी आणायला खास रॅलीसाठीच बांधलेली गाडी हवी होती. तिला मार कसा बसतो, ती कशी दुरुस्त होते, ड्रायव्हरला कुठून काय दिसतं, या प्रश्नांनी झीरोचा आकार मोडला आणि एचएफचा घडला. म्हणजे स्ट्रॅटोसला पहिल्यांदा नव्यानं मांडलं ते गांदिनींनीच. त्यांचा राग उजळणीवर नव्हता, आकारामागचं कारण संपलं तरी तो पुढे ओढत नेण्यावर होता, असं मी समजतो. मग त्या मुलीच्या कामालाही हीच कसोटी लावू.

स्ट्रॅटोसचा व्हीलबेस २१८० मिलिमीटर आहे. २००७ मध्ये आलेल्या फियाट ५०० चा, म्हणजे शहरात कुठेही मावणाऱ्या गाडीचा, व्हीलबेस २३०० आहे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर इतकं आखूड, तेही इंजिन मधे असलेल्या गाडीत, असलं की ती हिसका दिल्यासारखी वळते. डोंगरातल्या घाटवळणांवर तेच हवं होतं. सरळ रस्त्यावर भरधाव जाताना मात्र तीच गाडी ड्रायव्हरला स्वस्थ बसू देत नाही. सान्द्रो मुनारी यांनी १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षं मॉन्टे कार्लो रॅली याच गाडीतून जिंकली. लांचानं १९७४ ते १९७६ या तिन्ही वर्षी उत्पादकांचं जागतिक विजेतेपद मिळवलं. दारं आतून खोल आणि पोकळ आहेत, कारण तिथे हेल्मेट ठेवायची होती. पुढचं आणि मागचं कवच अख्खंच्या अख्खं केबिनपासून उलट दिशेला उघडतं, कारण सर्व्हिसच्या थांब्यावर मेकॅनिककडे मोजकी मिनिटं असायची. या गाडीतला शोभेचा वाटणारा जवळपास प्रत्येक भाग असा कुणाच्या तरी कामाला आलेला आहे.

तिनं चित्रं काढायच्या आधी नेमकं हेच केलं. तिच्या अंतिम परीक्षणाला मी हजर होतो. मॉडेलच्या मागच्या भिंतीवर तिनं दोन रकान्यांचा मोठा कागद लावला होता. डावीकडे गाडीचा एकेक भाग, उजवीकडे तो तसा का आहे ते. जिथे कारण संपलं होतं, तिथे तिनं भागावर काट मारली होती. काट कशाकशावर होती? मागच्या गोल दिव्यांवर, वर येणाऱ्या हेडलाइटवर, मागच्या काचेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, छपरावरच्या पंखावर. स्ट्रॅटोसचे चाहते गाडी ओळखतात त्या सगळ्या खुणा तिनं टाकून दिल्या. मॉडेल रंगवलं तेही सपाट राखाडी, रॅलीतल्या गाडीवरच्या अलिटालिया विमान कंपनीच्या हिरव्या-लाल पट्ट्यांचा आधार न घेता. गिरवणारा माणूस बरोबर उलटं करतो. खुणा आधी उचलतो आणि कारणं विसरतो.

आणि ठेवलं काय, तर काच. ही मी अगदी जवळून पाहिली म्हणून जरा थांबून सांगतो. स्ट्रॅटोसची पुढची काच म्हणजे एका नळकांड्याचा कापलेला तुकडा. गोलाई एकाच दिशेला, आडवी. वरून खाली तिला बाक नाही. दोन्ही दिशांना बाक असलेल्या काचेतून तिरकं पाहिलं की रस्त्याची कड लाटेसारखी हलते, आणि रात्री समोरच्या दिव्यांचं काय होतं ते अशा काचेमागे बसलेल्याला चांगलं माहीत असतं. हेल्मेटच्या व्हायझरसारखी कडेपर्यंत वळूनही ही काच चित्र फारसं वाकडं दाखवत नाही. परीक्षणाच्या वेळी तिनं पारदर्शक प्लॅस्टिकची एक सपाट शीट घेतली आणि दोन्ही हातांनी वाकवून गाडीच्या एक-चतुर्थांश आकाराच्या मॉडेलवर टेकवली. शीट कडेला कडा लावून बसली, कुठेही सुरकुती नाही. गोलाई दुहेरी असती तर एखादा कोपरा उठलाच असता. मॉडेल शॉपमध्ये मी काही वर्षं काढली आहेत, पृष्ठभाग तपासायला आम्ही चकाकती फिल्म ताणून त्यात दिव्याचं प्रतिबिंब कसं धावतं ते बघायचो. पण इतकी साधी आणि इतकी निर्णायक तपासणी मी कुठल्याच परीक्षणात पाहिली नव्हती. त्या क्षणी खोलीत कुणी बोललं नाही. मला तिचं काम आवडलं ते तिथे, आणि ती आवड लेखात उतरली. तिला तुम्ही हात सैल सोडणं म्हणता, मी म्हणणार नाही.

आता इंजिन. फेरारीच्या डिनो या गाडीचं २.४ लिटरचं व्ही-६ या गाडीत आलं, कारण ते आखूड होतं, आडवं बसत होतं आणि १९६९ नंतर लांचा आणि फेरारी दोन्हीकडे फियाटचा हात पोचलेला होता. ते मिळवायलाही लांचाला बराच आग्रह धरावा लागला. म्हणजे तेसुद्धा एका गरजेचं उत्तर होतं. त्या आवाजाला पर्याय नाही, हे मात्र तुमच्याइतकंच मलाही वाटतं. केबिनच्या मागे हाताच्या अंतरावर ते व्ही-६ चढत्या आवाजात ओरडतं, तेव्हा अंगावर येणारा काटा बॅटरीच्या गाडीत नाही, आणि तिनंही तसा दावा केलेला नाही. स्पीकरमधून नकली आवाज सोडायचा मोह तिनं टाळला, हे मला मोलाचं वाटतं.

पण बॅटरी कुठे ठेवली हे तुमच्या नजरेतून सुटलंय. इलेक्ट्रिक गाडीत ती बहुधा फरशीखाली पसरतात. मग सीट वर जाते, तिच्यामागोमाग छप्पर वर जातं. स्ट्रॅटोसची एकूण उंची १११ सेंटिमीटर. फरशीखाली दहा-बारा सेंटिमीटरचा थर घातला तर गाडीचं पोटच बदलतं. तिनं सगळी बॅटरी सीटमागे, जिथे इंजिन होतं तिथेच, उभ्या पेटीत रचली. लोटसनं एव्हिया या गाडीत हीच मांडणी केली आहे, तेव्हा हे हवेतलं नाही. त्यामुळे वजन इंजिनाच्याच जागी राहिलं आणि ड्रायव्हर जमिनीलगत. किंमत अर्थात मोजावी लागते. त्या पेटीत मावेल तेवढीच बॅटरी, म्हणजे पल्ला बेताचा. तिनं हे आपल्या मांडणीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

नियमांबद्दल म्हणाल तर तिच्या दाराकडे परत बघा. बाजूची धडक सोसायला आजच्या दारात आडवी तुळई लागते, एअरबॅगला आणि दबणाऱ्या भागाला जागा लागते, म्हणून आजची दारं जाड होतात आणि नाजूक आकाराच्या गाड्या फुगतात. इथे तर जाडी आधीपासूनच होती. हेल्मेटसाठी सोडलेली पोकळी तिनं तुळईला दिली, बाहेरून दाराची रेषा जागच्या जागी. पन्नास वर्षांपूर्वी एका गरजेसाठी सोडलेली जागा आज दुसऱ्या गरजेच्या कामी येते, याहून प्रामाणिक पुनर्मांडणी कोणती? काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब मात्र तिला मूळच्यापेक्षा बरेच जाड करावे लागले, आणि वळणाच्या आतल्या बाजूचं दृश्य त्यानं थोडं झाकलं जाणार. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

व्यवसायातल्या लोकांनाही हे सोपं गेलेलं नाही. २०१० मध्ये पिनिनफारिनानं एका जर्मन उद्योजकासाठी नवी स्ट्रॅटोस बांधली, तीही फेरारी एफ४३० ची चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, कापून, आखूड करून. गाडी देखणी झाली, पण तेव्हा फेरारीनं तिच्या छोट्या मालिकेलाही नकार दिला. अशा प्रश्नाला एक विद्यार्थिनी एका वर्षात भिडते, तर तिच्या कामाकडे बघताना आपण काय मिळालं आणि काय निसटलं, दोन्ही मोजलं पाहिजे.

आणि निसटलं ते तुम्हीच दाखवलंत. "चाकं फार मोठी आहेत, गाडी चाकांवर ठेवलेली वाटत नाही, चाकांत अडकलेली वाटते," असं तुम्ही लिहिलंय. मी पट्टी घेऊन बसलो. मूळ गाडीला १४ इंची रिम, टायरसकट व्यास साधारण ६४ सेंटिमीटर. तिनं २० इंची घेतले, टायरसकट ६९ च्या आसपास. व्हीलबेस तोच ठेवून चाकं इतकी वाढवली, तर दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेतले पाच सेंटिमीटर गेले. लांब गाडीत पाच सेंटिमीटर कुणाला कळणार नाहीत, २१८० मिलिमीटरच्या गाडीत कळतात. दाराची पुढची कड त्यामुळे मागे सरकली आणि काचेच्या तळातून निघून बाजूच्या खिडकीखालून चढत जाणारी रेषा, जिच्यावर अख्खी स्ट्रॅटोस उभी आहे, सुरुवातीलाच तुटली. मोठ्या चाकांना तिच्या कागदावरच्या उजव्या रकान्यात काही कारणही नव्हतं. आज सगळ्याच गाड्यांना असतात म्हणून ती आली. मी त्या परीक्षणात दोन तास होतो, काचेवरून माझी नजर हलली नाही आणि हे मला दिसलं नाही. इथे माझं चुकलं, आणि लेखात "प्रमाणं अचूक सांभाळली आहेत" असं जे वाक्य आहे ते मी मागे घेतो.

तुमची परवानगी गृहीत धरून तो परिच्छेद मी तिला पाठवला. काल तिचं उत्तर आलं. तिनं १७ इंची चाकं घेऊन भिंतीवर काळ्या टेपनं बाजूची आकृती पुन्हा लावायला घेतली आहे आणि दाराची कड पुढे जाताना दिसतेय, असं तिनं कळवलंय. ब्रेकच्या चकत्या त्या रिममध्ये मावतात का, ते ती आधी तपासणार आहे. फोटो आला की मूळ लेखात जोडतो. जुना फोटो काढणार नाही, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.