बंद गाडीची पीयूसी

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली पण त्यांचा मोबाईल आम्ही अजून चालू ठेवलाय, आईच्या उशाशी असतो, रिचार्ज मी मारतो, कारण बँकेचे, गॅसचे, गाडीचे सगळे मेसेज त्याच नंबरवर येतात. मागच्या महिन्यात आई म्हणाली, बघ रे काय आलंय. बघितलं तर अण्णांच्या दुचाकीची पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचं सर्टिफिकेट, निघाल्याचा मेसेज. आता गाडी कुठं, तर मागं पत्र्याच्या शेडमध्ये, दोन महिन्यांपासून बंद, पुढच्या चाकात हवा नाही, टाकीत पेट्रोल नाही आणि सीटवर आमच्या कोंबडीनं बस्तान मांडलेलं. कोणी गाडी ढकलत जरी नेली असती तरी कोंबडीनं गल्ली डोक्यावर घेतली असती.

भाच्याला विचारलं तर तो लै खुशीत. "मामा, घरबसल्या झाली! प्लेटचा फोटो टाकला, दीडशे फोनपे केले, दहा मिनटात पीडीएफ." पीडीएफ उघडून बघितली. गाडीचा फोटो अगदी खरा, कोपऱ्यात कोंबडीची शेपटी पण आलीय. आणि खाली आकडे. कार्बन मोनॉक्साईड, मर्यादा 3.5 टक्के, मोजलेला 0.64. हायड्रोकार्बन, मर्यादा 4500 पीपीएम, मोजलेलं 212. 2012 ची शंभर सीसीची गाडी, अण्णांनी औसा ते लातूर, लातूर ते औसा करत पार झिजवलेली, आणि रिडींग असं की शोरूममधून काढली त्या दिवशी पण एवढी स्वच्छ नसंल. खरं तर बंद गाडीतून धूर शून्य निघतो, म्हणजे 0.64 लिहून उलट बिचारीची बदनामीच केली म्हणायची.

मी भाच्यावर ओरडलो नाही कारण मी तरी इतकी वर्षं काय वेगळं केलं, पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते तिथं थांबायचं, तो प्लेटचा फोटो काढणार, आपण गाडीवरून उतरायचं पण नाही, पैसे द्यायचे आणि निघायचं. धूर मोजायची नळी सायलेन्सरमध्ये घातलेली मी एवढ्या वर्षांत दोनदा बघितली असंल फार तर. आणि पोराला तरी भीती कशाची होती, 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांनी नो पीयूसी नो फ्युएल कडक करणार म्हणून सांगितलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलंय की पंपावर पेट्रोलच देणार नाहीत. शिवाय 2019 ला मोटार वाहन कायदा बदलला त्यात कलम 190 च्या पोटकलम 2 मध्ये प्रदूषणाचा दंड 10,000 पर्यंत गेला, आधी पहिल्या वेळेला 1,000 होता. दहा हजारात आमच्याकडं अशी जुनी गाडीच येते की राव. मग दीडशे रुपयात दहा हजाराची भीती मिटत असंल तर माणूस दीडशे देणारच, त्यात त्याचं काय चुकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आम्हाला फेल करणारा पीयूसीवाला कुठं मिळत नाही. ही टेस्ट आहे ना? मग टेस्टमध्ये कोणीतरी नापास व्हायला पाहिजे का नको? तुमच्या ओळखीत, सोयऱ्याधायऱ्यात कोणाची गाडी पीयूसीला फेल झाली सांगा बरं. दहावीच्या बोर्डाचा निकाल शंभर टक्के लागला तर आपण म्हणतो कॉपी झाली, इथं वर्षानुवर्षं शंभर टक्के लागायलाय आणि कोणाला काही वाटंना.

तर मी काय केलं, गाडी तशीबी मला लागणारच होती, मार्केट यार्डात अडतीवर हिशेब लिहायला रोजचं जाऊन येऊन चाळीस किलोमीटर होतं. हवा भरली, पेट्रोल टाकलं, प्लग घासून चालू केली आणि गेलो एका सेंटरवर. म्हणलं नळी घालून खरी चेक करा. तो पोरगा मोबाईलवर बघून म्हणला, "मालक, तुमची तर चालू हाय की पीयूसी, कामून पुन्हा काढायलाव?" म्हणलं काढायची नाही, चेक करायचीय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी आरटीओचा माणूस आहे का काय, आणि मशीन बंद आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी पण तेच, फक्त मशीन बंदच्या ऐवजी प्रिंटर बंद होता.

तिसऱ्या ठिकाणी एक काका भेटले, साठीचे असतील, चष्म्याला दोरी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लांबून आलाव का? गाडी गरम हाय का?" तिथंच ओळखलं हा माणूस कामाचा आहे, कारण थंड इंजिनवर रिडींग बरोबर येत नाही. दोन मिनिटं गाडी चालूच ठेवायला लावली, रेस सोडायला सांगितली, नळी सायलेन्सरमध्ये वीतभर आत घातली आणि स्क्रीनकडं बोट केलं. कार्बन मोनॉक्साईडचा आकडा चढत चढत 5.2 वर थांबला. मर्यादा साडेतीन. काका म्हणले, "फेल हाय मालक." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

2021 मध्ये केंद्रानं देशभर पीयूसीचा एकच नमुना केला, त्यात क्यूआर कोड आला, मालकाचा मोबाईल नंबर आला, आणि फेल झाली तर रिजेक्शन स्लिप द्यायची हे पण आलं. म्हणलं काका ती स्लिप द्या. काका हसले, "स्लिप घेऊन काय करता, मिस्तरीकडं जा." पण मी हट्ट धरला, आणि घेतली. खिशात घडी घालून ठेवलीय, आमच्या घराण्यात एवढ्या अभिमानानं नापासाचा कागद कोणी जपला नसंल.

आता हे 5.2 म्हणजे नेमकं काय ते मिस्तरीनं दाखवलं. पेट्रोलला जळायला हवा लागते, हवा कमी पडली की ते अर्धवट जळतं, त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. जे पेट्रोल अजिबात जळतच नाही ते तसंच मागून निघून जातं, कागदावरचं हायड्रोकार्बन ते हेच. म्हणजे ती नळी तुमच्याच पैशाचं वाया चाललेलं पेट्रोल मोजत असते. मिस्तरीनं एअर फिल्टर काढला, झटकला तर रस्त्याची धूळ, सोयाबीनच्या राशीचा भुसा, आणि हवा आत जायच्या तोंडाशी चक्क कोंबडीचं पीस. हवा अडवणारी चोकची पट्टी अर्धी ओढलेल्या जागी अडकून बसलेली, म्हणजे गाडी बारा महिने चोकवरच चालल्यासारखी. प्लग काढून हातात दिला तर तव्याच्या बुडासारखा काळाभोर. मिस्तरी म्हणला, "ही गाडी पेट्रोल पीत नव्हती, सांडत होती." फिल्टर, प्लग, कार्ब्युरेटर सफाई, मजुरी धरून 480 रुपये झाले. परत काकांकडं गेलो, नळी घातली, 1.8. तेव्हा खरी पीयूसी काढली, दुचाकीचे सरकारी दराप्रमाणे 50 रुपये, वर एक रुपया मागितला नाही त्यांनी.

आधी गाडी लिटरला 45 देत होती आता 56 देते. महिन्याला माझं हजार किलोमीटर होतं, म्हणजे चार लिटरच्या वर पेट्रोल वाचायलंय, आणि लिटर शंभराच्या पुढं आहे, मिस्तरीचे पैसे सव्वा महिन्यात वसूल. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. पीयूसी म्हणलं की आपल्याला दंड आठवतो, विमा आठवतो. (त्या विम्याचं पण ऐका, 2017 ला सुप्रीम कोर्टानं पीयूसीशिवाय विमा रिन्यू करू नका सांगितलं होतं, ती अट 2024 ला कोर्टानंच काढली, आणि पीयूसी नसली की क्लेम मिळत नाही हा जो मेसेज फिरतो तो चूक आहे हे विमा नियामकानं 2020 लाच सांगितलंय, तरी दर दिवाळीला कोणतरी फॅमिली ग्रुपवर टाकतंच.)

काकांना विचारलं बाकीचे फेल कामून करत नाहीत. ते म्हणले, "मी फेल केलं की गिऱ्हाईक समोरच्या व्हॅनला जातंय, तिथं पाच मिनटात पास. परत माझ्याकडं कोण येतंय? तुम्ही एकटेच आलाव." म्हणजे जो प्रामाणिक आहे त्याचा धंदा बसणार आणि जो फोटोवर काढतो त्याच्याकडं लाईन. आणि सरकार जेवढी सक्ती वाढवतंय तेवढी त्या फोटोवाल्याचीच कमाई वाढायलीय, कारण चौकात काय किंवा पंपावर काय तपासणार कागदच, आणि कागद तर क्यूआर कोडसकट अस्सल आहे. आकडा तेवढा कोंबडीला विचारून टाकलाय.

डिझेलचं तर बोलायलाच नको. माझा एक मित्र टेम्पो चालवतो, चढाला लागला की मागच्या माणसाला हेडलाईट लावावी लागते एवढा काळा धूर, पण पीयूसी एकदम ओके. डिझेलच्या टेस्टला गाडी न्यूट्रलला ठेवून फुल रेस द्यायची असते, एकदा नाही परत परत, आणि धूर किती दाट आहे ते मशीन मोजतं, हार्ट्रिज युनिटमध्ये, बीएस फोर म्हणजे गाड्यांच्या धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा, त्याच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा 65, बीएस फोरला 50. मित्र म्हणतो एवढी रेस दिली तर माझं इंजिनच बसंल. आरं पण मग ज्या इंजिनला दोन मिनिटांची रेस सोसत नाही ते तू तीन टन माल भरून घाटात कसं चढवतोस?

आणि धूर दिसत असताना कागद बघून सोडून द्यायचं असं कायद्यात कुठं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चा नियम 116 बघा, गाडीच्या धुरावरून शंका आली तर फौजदार दर्जाचा पोलिस अधिकारी किंवा मोटार वाहन निरीक्षक ती गाडी टेस्टला पाठवू शकतो. मला विचाराल तर शंभर गाड्यांचे कागद बघण्यापेक्षा एखाद्या दिवशी लातूरच्या कुठल्यापण चौकात मशीन घेऊन उभं राहा, पास असलेल्या दहा गाड्यांना नळी लावा, जी फेल निघंल तिची पीयूसी कोणत्या सेंटरनं दिली ते कागदावरच छापलेलं असतं, जाऊन त्या सेंटरला विचारा. गाडीवाल्याला त्या दिवशी सोडून द्या, आठवड्याची मुदत द्या. दोन महिन्यात नळ्या आपोआप सायलेन्सरमध्ये जायला लागतील.

काहीजण म्हणतील प्रदूषण दिल्लीला असतं, आपल्याकडं मराठवाड्यात काय, मोकळं रान. केंद्रानं 2019 ला नॅशनल क्लीन एअर प्रोग्रॅम आणला त्यात हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली 17 शहरं होती, आणि त्यात लातूर आहे, जालना आहे, संभाजीनगर आहे. आता त्यात रस्त्याची धूळ पण आली हे मान्य आणि माझ्या शंभर सीसीनं लातूरची हवा बिघडत नाही हे पण मान्य, पण लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत संध्याकाळी सातला अडकून बघा एकदा, डोळे चुरचुरतात ते धुळीनंच का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर बीएस फोर आणि पुढच्या गाड्यांना वर्षाला आणि त्याआधीच्या जुन्या गाड्यांना सहा महिन्याला. म्हणजे माझी 2012 ची, बीएस फोरच्या आधीची, सहा महिन्याला. डिजीलॉकरमध्ये ठेवा, चालते. आणि काढायला जाल तेव्हा गाडी गरम करून न्या आणि नळी घालायला लावा, तो तोंड वाकडं करंल, करू द्या.

आता एवढं सगळं लिहिल्यावर आमच्या मॅडम वाचून म्हणल्या, दुसऱ्याचे कागद काढायलाव आणि गाडी अजून मामंजींच्याच नावावर आहे त्याचं काय. खरं आहे. मालक वारला की तीन महिन्याच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची असते आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, चार वर्षं झाली, दरवर्षी म्हणतो करू. मृत्यूचा दाखला कपाटात आहे, आईची आणि बहिणीची सही घ्यायचीय, एवढंच काम. नाव बदललं की नंबर पण माझा लागणार आणि अण्णांच्या मोबाईलवर गाडीचे मेसेज यायचे बंद होणार. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग रिचार्ज मारणार नाहीस का आता?" म्हणलं मारतो की. सोमवारी आरटीओला जायलोय, लाईन किती होती ते कमेंटमध्ये सांगतो.