एक स्टार देणाऱ्या साहेबांना: पेन शिंगाचाच आहे

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पेन हातात पडायला उशीर झाला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. पाच आठवडे सांगितले होते आणि आठ लागले, हे खरं आहे. रंग फोटोपेक्षा गडद निघाला हेही खरं. पण शिंगाचे पट्टे आमच्या हातात नसतात, सोलल्यावर आत जे निघेल ते, हे फोनवर बोलणं झालं होतं आणि तुम्ही 'चालेल' म्हणाला होतात. असो. त्यावरून मी वाद घालत नाही.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की म्हशीचं शिंग सांगून ७,५०० रुपयांना प्लास्टिक गळ्यात मारलं, सुई तापवून टोचली तर घाण जळका वास आला, आणि टोपणाच्या आतही काळं प्लास्टिकच दिसतं. हे काही घशाखाली उतरेना. उत्तर लिहू की नको असं चाललं होतं. पण रिव्ह्यू सगळे वाचतात, तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोर दिलेलं बरं.

सुईचं आधी घेतो. वास कसला होता, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत: केस जळल्यासारखा. अहो साहेब, तीच तर शिंगाची खूण! शिंग, नख आणि केस हे सगळं एकाच पदार्थाचं, केराटिनचं. रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकचा, पेन असता तर केमिकलचा गोडसर, उग्र वास नाकात गेला असता. एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, असता तर जळक्या रबराचा. केसांचा वास प्लास्टिकला कुठून येणार? आमच्याकडे शिंगाला ड्रिल लावलं की तोच वास शेडभर पसरतो. शेजारचे फाउंड्रीवाले विचारतात, 'आज कुणाची हजामत काढली?' घरी गेलो की बायको माझा शर्ट वेगळा भिजत घालते. म्हणजे परीक्षा तुम्हीच घेतलीत, पेन पास झाला, आणि वर एकच स्टार दिलात.

आणि सुई टोचायची होती तर आतल्या बाजूला कुठे तरी टोचायची. तुमच्याच फोटोत दिसतंय, क्लिपच्या बरोबर खाली, एकदम दर्शनी जागी काळं भोक पडलंय. तेवढी जागा मी शेवटी हातावर पॉलिश केली होती, कारण तिथे बफची, म्हणजे पॉलिशच्या चाकाची, कड लागत नाही.

आता टोपणाच्या आतलं काळं. ते एबोनाइट आहे. शिंग थराथरांचं असतं. त्यात थेट आटे पाडले तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मागे फिरवतानाच कडा सुटतात, आणि नाही सुटल्या तरी टोपण रोज उघडून-लावून झिजतात. म्हणून टोपणात एबोनाइटची बुश, म्हणजे आतली नळी, बसवतो आणि आटे तिच्यात पाडतो. बोटांत धरायचा भागही एबोनाइटचाच, कारण तिथे शाईचा ओलावा असतो आणि शिंग पाणी पितं. त्यासाठीच या पेनात शाई थेट ओतायची सोय ठेवली नाही, कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी, दिलाय. एबोनाइट म्हणजे गंधक घालून शिजवून कडक केलेलं रबर, चांगल्या पेनांना ते पहिल्यापासून वापरतात. ऑर्डरच्या पानावर 'आतील भाग एबोनाइट' असं लिहिलेलं आहे. अक्षर बारीक आहे, पण आहे.

उशिराबद्दलही सांगतो, कारण 'आठ आठवडे झोपले होते काय' हेही तुम्ही लिहिलंय. शिंग बुडाकडे पोकळ असतं, आत हाड असतं. भरीव असतो तो फक्त टोकाकडचा भाग, आणि टोपणाला पुरेल एवढा जाड भरीव तुकडा प्रत्येक शिंगात मिळत नाही. आमचा माल उत्तर प्रदेशातल्या संभलजवळच्या सराय तरीनहून येतो, तिथे शिंगाचं नि हाडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आलेला तुकडा आधी जाडसर उतरवायचा, भोक पाडायचं आणि ठेवून द्यायचा. भोकही एका दमात नाही. थोडं आत गेलं की ड्रिल बाहेर काढायचं, गार होऊ द्यायचं, कारण शिंग तापलं की आतून तडकतं. मग तो तुकडा ओल सोडताना हलतो, गोल भोक अंडाकृती होतं. तो हलायचा थांबला की फायनल कट. तुमची ऑर्डर जूनची. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला मी काय सांगू? तुकडा शांत बसायलाच तयार नाही. घाई करून तारखेला पाठवला असता तर दिवाळीत हवा कोरडी पडल्यावर टोपणाला चीर गेली असती, आणि तो रिव्ह्यू वेगळाच आला असता. तुमचं पहिलं टोपण असंच गेलं. पेपर मारून झाला, उजेडाकडे धरलं तर कडेला केसाएवढी रेघ. ते बाजूला टाकून दुसरा तुकडा लावला. तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोकांना बहाणा वाटतो.

रिव्ह्यूखाली एकांनी विचारलंय, हे शिंग कायदेशीर आहे का. गव्यांचं दाजीपूर अभयारण्य जवळ असल्यामुळे अधूनमधून कुणी तरी हळूच 'गव्याचं मिळेल का' म्हणतं. नाही मिळणार. गव्याचं नाही, सांबराचंही नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आम्हालाही ठाऊक आहे. माल म्हशीचाच, बिलासकट.

साहेब, आमची काही मोठी कंपनी नाही. उद्यमनगरात वडील ऑइल इंजिनचे पार्ट टर्न करायचे, त्याच शेडमध्ये त्यांच्याच लेथवर मी नि एक पोरगा काम करतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून एका ताईंनी वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी दिलेली ऑर्डर थांबवली. 'बघून सांगते' म्हणाल्या. त्याचा अर्थ धंद्यातल्या माणसाला कळतो. उशीर झाला म्हणून दोन स्टार कापा, रंगाचा आणखी एक कापा, माझं काही म्हणणं नाही. पण फसवलं म्हणू नका.

पूर्ण पैसे परत मागितलेत, ते जमणार नाही. टोपणावर तुमचं नाव कोरलंय (तेही फुकट, तुम्ही आग्रह केलात म्हणून) आणि वर सुईचं भोक, हा पेन मी कुणाला विकू? मात्र पेन पाठवून द्या. शिंगाचाच चुरा भरून भोक बुजवतो नि परत पॉलिश करून देतो. बारकी खूण राहील. निबही एकदा तपासून देतो. येण्याजाण्याचं कुरिअर माझ्याकडे लागलं.

बाकी, पानावरचं ते बारीक अक्षर मोठं करायचं बघतो, पावसाळ्यातल्या ऑर्डरींच्या तारखांचंही काही तरी करावं लागेल. पाठवताना कन्व्हर्टरमधली शाई काढून टाका आणि टोपण प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नका, कागदात गुंडाळा. सोमवारी शेड बंद असतं, मंगळवारनंतर पोचेल असं बघा.