भूकंपानंतर बोअरचं पाणी गेलं, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी बोअरला गढूळ पाणी आलं, मग लेव्हल खाली गेली, आणि फोन केला तर आमच्या माणसाने "भूकंपाला आम्ही काय करणार" म्हणून फोन ठेवला. तसं बोलायला नको होतं, मनापासून माफी मागतो.

पण "एवढ्या लांबच्या भूकंपाने काय होतंय, केसिंगच खराब टाकलंय" हे जे लिहिलंय (केसिंग म्हणजे माती आत ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवलेला पाइप), त्यावर बोलायलाच हवं. पाणी असतं खडकाच्या भेगांमध्ये, धक्का आला की खडक दाबला जातो, ताणला जातो, मग लेव्हल वरखाली होते आणि भेगांत बसलेला बारीक गाळ सुटून वर येतो, आणि हे लांबूनही होतं, २००२ साली अलास्कात ७.९ चा भूकंप झाला तेव्हा हजार मैलांहून लांब विस्कॉन्सिनमधल्या एका विहिरीचं पाणी २ फूट चढलं होतं. गढूळपणा बहुतेक वेळा काही दिवसांत निवळतो. लेव्हल जाते ते प्रकरण जास्त गंभीर, कारण धक्क्याने भेगा मोकळ्या झाल्या की उंचावरचं पाणी उताराकडे निघून जातं. १९९८ ला पेनसिल्व्हेनियात फक्त ५.२ चा भूकंप झाला, तरी टेकडीच्या माथ्यावरच्या साधारण १२० घरगुती विहिरी तीन महिन्यांत आटल्या आणि खाली दरीत नवीन झरे फुटले. तुमचा बोअरही उंचावर आहे म्हणून मला ही शंका जास्त येतेय.

तरीही केसिंगचा जॉइंट सुटला असेल तर वरून अगदी असंच दिसतं, त्यामुळे बघितल्याशिवाय मी आमची बाजू घेणार नाही. आम्ही बोअरमध्ये कॅमेरा सोडतो, पैसे घेणार नाही, तुम्ही स्क्रीनसमोर बसा, आणि केसिंग सरकलेलं दिसलं तर दुरुस्ती आमची.

तोवर एवढं करा, गढूळ पाण्यावर मोटर चालवू नका, रेतीने पंप खराब होतो, आणि टेस्ट केल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. रोज सकाळी मोटर सुरू करायच्या आधी लेव्हल मोजून लिहून ठेवा, शेजारच्यांचीही विचारा, सगळ्यांची एकदम उतरली असेल तर कारण जमिनीखालचं असायची शक्यता जास्त, तुमची एकट्याचीच उतरली असेल तर मी केसिंगपासूनच सुरुवात करतो. आणि नवीन बोअरची घाई नको, आम्हाला काम मिळेल तरी नको, आधी लेव्हल कुठे थांबते ते बघू.