पंप माझा, फडके काकांचे

गेल्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता, सोसायटीच्या फाटकापाशी, निदान चौदा माणसे आणि एक कुत्रा यांच्या देखत मी एका गृहस्थांचे आभार मानले. मानण्याजोगे त्यांनी काहीही केलेले नव्हते. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

गाडी वडिलांची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची फियाट. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा ओळखीच्या अकरा जणांनी ती बातमी मला अशा सुरात कळवली की जणू आमच्याच घरात कोणी गेले होते. आमची मात्र ठणठणीत आहे. तिला दुखणे एकच : उन्हाळ्यात खंबाटकी घाट अर्धा चढून झाला की ती गप्प होते, वीस मिनिटे गप्प राहते आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते.

याचे कारण टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे आणणारा तिचा मूळ पंप. मेकॅनिक मंडळी त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. वातानुकूलनाशी त्याचा काडीचा संबंध नाही, उलट तो इंजिनालाच चिकटून बसलेला असल्यामुळे दिवसभर भाजून निघतो. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पेट्रोल सगळी लांबी ओढून आणावे लागते. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, वरून उष्णता असते, मग पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी बुडबुडे चघळत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवला, तर तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, पाइपात दाब राहतो आणि वाफ सहजासहजी धरत नाही. एवढे साधे शास्त्र आहे. ते मी या महिन्याभरात घरी, कचेरीत आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत बसून, बोलता येईल तितपत, समजावून सांगितले आहे.

पंप आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या नव्या गाडीचा पंप पुढे केला. त्याचा दाब चाळीस पीएसआयच्या वर. कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, तीनच्या आसपास पुरतो, त्याहून फार जास्त झाला तर पेट्रोल अडवणारी त्याची सुई उचलली जाऊन पेट्रोल बाहेर ओसंडते. “एवढा दाब आमच्या गाडीला चालत नाही,” असे मी म्हणालो, तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि “मग ॲक्सिलरेटर कमी दाबा,” असे सांगितले. शेवटी पाचव्या दुकानात हवा तो, टकटक आवाज करणारा चौकोनी पंप मिळाला. तो डिकीखाली, टाकीच्या खालच्या पातळीला बसवला, त्याच्याआधी फिल्टर घातला, वेगळा फ्यूज आणि रिले दिला, आणि जुना पंप काढून इंजिनाच्या कुशीत उरलेल्या भोकावर पॅकिंग घालून ॲल्युमिनियमची पट्टी आवळली. तीन रविवार गेले. पाठीत उसण भरली ती वेगळीच.

यात एक गोष्ट मी जरा जास्तच शहाणपणाने केली. विजेचा पंप इंजिन बंद पडले तरी चालूच राहतो. अपघात होऊन पाइप तुटला, तर तो रस्त्यावर इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहील. म्हणून धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा एक स्विच मी डिकीत बसवला. त्याच्या डोक्यावर बटण असते. ते दाबले की वीज पुन्हा सुरू.

आता आमच्या फाटकातला गतिरोधक. गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते. आमच्या सोसायटीने यातली उंची मान्य केली आणि रुंदी दीड वीत ठेवली. तो ओलांडताना गाडी चढत नाही, अडखळते. हा गतिरोधक ज्यांच्या आग्रहामुळे झाला, ते बी विंगमधले काका त्या दिवशी प्रभात फेरी आटोपून फाटकातच उभे होते.

आम्ही साताऱ्याला माझ्या मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला निघालो होतो. पुढची चाके गतिरोधकावरून धपकन उतरली, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. चावी फिरवली, टकटक नाही. म्हणजे स्विच पडला, हे मला त्याच क्षणी कळले. मी डिकी उघडायला खाली उतरलो, आणि तेवढ्यात काकांनी बॉनेट उघडलेसुद्धा.

“बंद पडली?”

“हो. एक मिनिट, मी मागून...”

“पेट्रोल आहे?”

“आहे.”

“काटा दाखवतो म्हणून म्हणतोस, की खरंच आहे?”

“खरंच आहे, काका.”

“मग व्हेपर लॉक!” हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की दूधवाला सायकल लावून जवळ आला.

“काका, इंजिन गार आहे. आत्ता दोन मिनिटांपूर्वी तर सुरू केली.”

“वरून गार दिसतं. माझं बीपी असंच आहे, वरून काही कळत नाही.” मग मागे वळून, “वॉचमन, तुझं फडकं आण. आणि तांब्याभर पाणी. पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, दोन मिनिटांत चालू. सतरा वर्षं मी फियाट चालवली आहे.”

“काका, तिथे पंप नाहीच आहे.”

“नाही कसा? फियाटचा पंप इथेच असतो.”

“असायचा. मी काढला. आता विजेचा पंप मागे आहे. ही नुसती पट्टी आहे, हिच्या मागून पेट्रोल जातच नाही.”

काकांनी पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, “मग तीच तापली असेल.”

यावर काय बोलणार? मी मागे गेलो. काकांचे काम मात्र अतिशय काटेकोर चालले होते, हे कबूल केले पाहिजे. फडके त्यांनी पिळले, चार पदरी केले, पट्टीवर चापूनचोपून बसवले आणि वॉचमनला “जपून ओत, डिस्ट्रिब्युटरवर उडता कामा नये,” अशी अगदी योग्य सूचनाही केली. मी डिकीत डोके घालून मुंजीच्या आहेराच्या पिशव्या बाजूला करत होतो, कारण स्विच नेमका त्यांच्याखाली होता. बटण दाबले. टकटक सुरू झाली. आणि त्याच क्षणी पुढून काकांचा आवाज आला, “मारा सेल्फ!”

बायको ड्रायव्हरच्या जागेवर सरकली होती. तिने सेल्फ मारला. गाडी एका फटक्यात सुरू झाली.

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या, दूधवाल्याने तर शिट्टी मारली. मी डिकीतून डोके बाहेर काढले, तेव्हा काका हात पुसत होते आणि ज्यांच्याकडे गाडी नाही अशा दोघा जणांना व्हेपर लॉक समजावून सांगत होते. “मी बटण दाबलं म्हणून झाली सुरू,” असे मी म्हणालो. “मागे कसलं बटण?” असे एकाने विचारले, आणि उत्तर न ऐकताच तो काकांकडे वळला. “थँक्यू तरी म्हण त्यांना,” बायको काचेतून म्हणाली. मी म्हणालो.

शिरवळला पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला होता, हातात तांब्या घेतलेला. खाली सत्तावीस अंगठे. एकाने लिहिले होते, ‘अनुभवाला पर्याय नाही.’ एकाने लिहिले होते, ‘जुन्या गाड्या फाटकात उभ्या करू नयेत.’ हे दुसरे वाक्य मला जास्त लागले. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण आता दहा हजारांवर गेले आहे. २०२२च्या एप्रिलपूर्वी त्याला सहाशे लागत. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, ते जुन्या रबराचे पाइप फुगवते, म्हणून सगळे पाइप बदलावे लागले ते निराळेच. हे सगळे निमूटपणे भरायचे, पंप नियमाने बसवायचा, सुरक्षेचा स्विच लावायचा, आणि दीड वितीच्या बेकायदा उंचवट्याने तो पाडला की शिव्या गाडीला. त्या उंचवट्याविषयी ग्रुपवर एक अक्षर नाही. मी मानकातले आकडे टाकले. त्याला एकही अंगठा मिळाला नाही.

खंबाटकी घाट गाडी न थांबता चढली. भर साडेनऊच्या उन्हात, ज्या वळणावर ती गेली चार वर्षे मान टाकत होती तिथून, दुसऱ्या गिअरमध्ये, टकटक करत. मी बायकोकडे पाहिले. “बघ,” म्हणालो. ती म्हणाली, “हो ना, फडकं अजून ओलं असेल.”

संध्याकाळी परतलो, तेव्हा काका फाटकातच होते. गतिरोधकावरून मी गाडी तिरकी करून, एकेक चाक उतरवत नेली. काका खिडकीशी वाकले. “आली ना व्यवस्थित? वाटेत फडकं पुन्हा भिजवलं होतंस का?”

मी तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, “हो काका, सुरूरला भिजवलं.”

मला वाटले, म्हाताऱ्याचे मन राखते आहे. घरी आल्यावर बॉनेट उघडले. पट्टीवर फडके होते, चार पदरी, आणि चांगले दमट. सुरूरला मी चहाचे पैसे द्यायला गेलो होतो, तेवढ्यात तिने खरोखरच बाटलीभर पाणी ओतले होते.