'कमवा आणि शिका'मधला 'आणि'

गेल्या रविवारी दादानं घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. "चव्वेचाळिसाव्या वर्षी एम.ए. करून कुठं कलेक्टर व्हायचंय? सरकारनं हे दूरशिक्षण-बिरशिक्षण बंद करावं आणि तो पैसा आयटीआयला द्यावा, हिकडं मोल्डर मिळंना झालेत." खाली सहा अंगठे आणि हसून हसून रडणारा एक चेहरा. तो चेहरा आमच्या आतेभावाचा, जो स्वतः बारावीला दोनदा बसला होता. चव्वेचाळीस हे वय कुणाचं, ते सगळ्या ग्रुपला ठाऊक. वहिनी त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी काही लिहिलं नाही.

मी तेव्हा स्वीडनमध्ये, गॉथेनबर्गच्या ब्रुन्सपार्कन स्टॉपवर अकरा नंबरच्या ट्रामची वाट बघत उभी होते. दुपारचे चार, म्हणजे मिट्ट काळोख. हातमोजा काढून भलंमोठं उत्तर लिहिलं आणि ट्राम यायच्या आत पुसून टाकलं. ग्रुपवर धाडलं असतं तर दादानं "जगात भारी तुमचं स्वीडन" म्हणून विषय संपवला असता. म्हणून ते इथं लिहिते.

उत्तर साधारण असं होतं. दादा, इथं नगरपालिकांच्या प्रौढांसाठीच्या शाळा 1968 पासून आहेत. कोमवुक्स म्हणतात. फी नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला शिकायला रजा द्यावीच लागते, तसा 1974 चा कायदा आहे. मालक फार तर सहा महिने पुढं ढकलू शकतो, नाही म्हणू शकत नाही. 2022 पासून तर 27 ते 62 वयाच्या माणसाला शिकायला जायचं असेल तर पगाराच्या 80 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, वरची मर्यादा ठरलेली आहे, पण पूर्णवेळ शिकलं तर 44 आठवडे मिळतात. ट्रक कारखान्याच्या लाइनवरचा पन्नाशीचा माणूस दप्तर घेऊन येतो आणि त्याला कुणी कलेक्टर होणार का म्हणून विचारत नाही.

आणि तुझा मोल्डर, ओतकामाचे साचे घडवणारा. कोल्हापूरच्या शिरोलीत माणूस मिळत नाही हे खरं, पण मिळालेल्या माणसाचं काय? तुझ्या फौंड्री शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला उद्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभं करायचं असेल, तर ते कोण शिकवणार? इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही. आज ज्या बिडाच्या कास्टिंगवर अर्धं उद्यमनगर जेवतंय, त्याची ऑर्डर उद्या आटली तर पंचेचाळीस वर्षांच्या माणसांनाच परत बाकावर बसावं लागणार आहे. तू ज्याला दूरशिक्षण-बिरशिक्षण म्हणतोस, त्याची पहिली गरज तुझ्याच दारात येईल.

हे लिहिताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते. परदेशातून भावाला शिकवण्यात एक वेगळीच ऊब असते.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकातून, शाहू महाराजांच्या पुतळ्यावरून जाताना आपल्या प्रत्येकाची छाती फुगते. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे आम्ही पाचवीपासून भाषणात म्हणतो. बायको पुस्तक घेऊन बसली की हसणाऱ्या नवऱ्याला दंड ठेवायचं तेवढं राहून गेलं. 'कमवा आणि शिका' हीही आपलीच घोषणा, कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीरांची. पण तिच्यातला 'आणि' पंचविशीनंतर गळून पडतो. मग एक तर कमवा, नाही तर गप बसा.

आणि आपल्याकडं काही नाही, असंही नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं. आमच्या गल्लीत एसटीतले एक कंडक्टर काका होते, दहावी नापास. पूर्वतयारीची परीक्षा देऊन ते मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. रविवारच्या तासाला जायला ड्यूटी बदलून घ्यायचे, आणि गल्ली त्यांना 'मास्तर' म्हणून चिडवायची. आम्ही पोरंही चिडवायचो. आता तर क्रेडिट बँक आली आहे, 2021 पासून. मधेच सोडलेल्या शिक्षणाचे क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. कागदावर बरोबरी झाली. पण लग्नाच्या बायोडेटात 'रेग्युलर' हा शब्द अजून लिहावा लागतो, आणि 'एक्स्टर्नलला बसलाय' हे वाक्य आपण अजून 'दारू सोडलीय म्हणतोय' याच सुरात म्हणतो.

क्रेडिट साठवायला बँक झाली, पण तास साठवायची सोय कुठंच नाही. वहिनींनी 2002 मध्ये गारगोटीतून बी.ए. केलं. निकाल लागायच्या आत हळद लागली. आता बावीस-तेवीस वर्षांनी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून समाजशास्त्रात एम.ए. करतायत. साडेचारला उठतात. ओट्यावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला पुस्तक, आणि पुस्तकाचं पान उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी. सहाला दूधवाला आला की पुस्तक पिठाच्या डब्यामागं जातं. गेल्या परीक्षेत त्यांना विषयाचा त्रास झाला नाही, हाताचा झाला. तीन तास सलग लिहायची सवयच गेलेली. दुसऱ्या तासाला बोटं आखडली. आता रोज रात्री त्या पाठपोट दोन पानं नुसती हात बसावा म्हणून लिहितात. काय लिहिता, विचारलं तर म्हणाल्या, "काहीपण. काल किराणाची यादी उत्तरासारखी लिहिली, प्रस्तावनेसकट."

कंपनीच्या पैशानं ऑनलाइन एमबीए करणाऱ्याला घर हसत नाही. त्याच्या हेडफोनला मान असतो.

इथवर माझं उत्तर चोख होतं. पुसलं का, ते आता सांगते.

ती 80 टक्क्यांची योजना मला लागू नाही. तिला आधीच्या चौदा वर्षांत निदान आठ वर्षांची नोकरी लागते. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, पाच वर्षं घरी, मग थोडं इकडं थोडं तिकडं. ज्यांना लागू आहे त्यातल्याही काहींच्या हातात मंजुरी कोर्स सुरू होऊन गेल्यावर पडली. हे दादाला सांगायचं माझ्या मनात नव्हतं. मी शिकते ती थोडी सरकारी मदत आणि बरंचसं कर्ज यांवर. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कोमवुक्समध्ये. घरी मी फक्त "कोर्स करतेय" एवढंच सांगितलंय. आईला वाटतं कॉम्प्युटरचा. दादाला वाटतं अकाउंट्सचा, कारण माझं बी.कॉम.

कोर्स उंदरहोतेश्काचा, म्हणजे सहायक नर्सचा आहे. वृद्धाश्रमात नाही तर घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कूस बदलायची, डायपर बदलायचं, आणि मग ते सगळं शुद्ध स्वीडिशमध्ये नोंदवायचं. जुलै 2023 पासून हे नाव लावायला सरकारी दाखला लागतो. इथं हे सन्मानाचं काम आहे, असं सगळे म्हणतात. पण माझ्या वर्गातल्या एकवीस जणांत स्वीडिश आडनावाचे तिघेच आहेत, हेही मी मोजलंय. त्यामुळं इथं शिकणाऱ्याला कुणी हसत नाही, हे माझं वाक्य खरं असलं तरी अर्धवट आहे. आम्ही काय शिकावं हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

आणि मी घरी का सांगत नाही? कारण कोल्हापुरात काय म्हणतील, ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे. "एवढ्या लांब जाऊन म्हाताऱ्यांचं काढतीया होय." हे वाक्य कुणी म्हटलेलं नाही. माझ्याच डोक्यातून, माझ्याच आवाजात येतं. नऊ वर्षं झाली, इथले हिवाळ्याचे टायर कधी बदलायचे ते मला पाठ आहे, पण लाज अजून मंगळवार पेठेतली आहे.

आई दोन वर्षं अंथरुणावर आहे. अर्धांगवायू, उजवी बाजू. तिची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं? वहिनी. दादाच्या त्या दोन ओळींच्या पोटात खरा प्रश्न तोच होता: परीक्षेच्या आठवड्यात आईकडं कोण बघणार? तो त्यानं विचारला नाही, कारण त्याचं एक उत्तर गॉथेनबर्गमध्ये बसलेलं आहे. म्हणजे मी इथं पगारासाठी शिकते ते काम वहिनी तिथं फुकट करतात, आणि उरलेल्या वेळात एम.ए. मी त्यांच्या बाजूनं कायद्यांची कलमं लिहीत होते.

परवा वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. कमरेत उसण भरली होती, आईला वळवता वळवता. मी म्हटलं, ओढू नका. मोबाईल पुस्तकांना टेकवून ठेवला आणि सोफ्यावर नवऱ्याला निजवून दाखवलं. पलीकडचा गुडघा दुमडा, हात छातीवर घ्या, तुमचा एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि आपल्याकडं वळवा, वजन त्यांचंच काम करतं. खाली एक जाड चादर आडवी घाला, सरकवायची तर ती धरून सरकवा. पलंग फार बुटका आहे, चार पायांखाली विटा द्या.

"विटा कशाला," वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या शॉपमधनं बिडाचे ठोकळे आणते." मग थोडा वेळ त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. "ताई, हे अकाउंट्समध्ये शिकवत्यात?"

मी सांगितलं. कोर्सचं नावही सांगितलं, त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

"लेखी असतंय का प्रॅक्टिकल?"

दोन्ही, म्हटलं.

"ह्यांना सांगू?"

नवरा अजून सोफ्यावर एका कुशीवरच होता. मी म्हटलं, "इतक्यात नको, वहिनी."