रिकामीच आहेस ना?

प्रबंध लिहिणाऱ्या माणसाची अडचण अशी, की तो ऐन कामात असतो तेव्हाच सगळ्यात जास्त रिकामा दिसतो. बोटं कीबोर्डवर चालू असली की "लिहितेय ती, बोलू नका." पण तिसऱ्या प्रकरणाचा गुंता सोडवायला छताकडे बघितलं, की दारातून आलंच, "रिकामीच आहेस ना? मग एवढ्या कपड्यांच्या घड्या घाल." म्हणून हल्ली विचार करायचा असला, की मी जोरजोरात 'कखगघ' बडवत बसते. गाइडना पाठवण्याआधी ते सगळं वेचून काढणं हे एक वेगळंच संपादन होऊन बसलंय.

वाचनालयातही गेले. मोठ्यानं बोलणारा माणूस एक वेळ परवडतो. कुजबुजणाऱ्याचं वाक्य अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं आपल्याला पूर्ण करावं लागतं. प्लगजवळच्या खुर्चीवर कायम कुणाची तरी बॅग अभ्यासाला बसलेली.

मग पहाटे पाच. घरात चिडीचूप, हे खरं. माझ्या डोक्यातही तेवढंच. त्या वेळात मी संदर्भसूचीतले स्वल्पविराम सरळ करते. प्रबंध एका ओळीनंही वाढत नाही, पण मन कसं प्रसन्न होतं!

फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीला टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून अभ्यासाची रीत बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. माझी पहिली वीस मिनिटं काल कुठवर आलो होतो हे आठवण्यात जातात. पुढच्या पाचात "यावरून असे दिसते की" एवढं लिहून होतं, आणि काय दिसतं ते सुचायच्या आत घंटा वाजते.

मला खरा जवळचा वाटतो तो ह्यूगो गर्न्सबॅक. या अमेरिकी संपादकानं १९२५ साली एकाग्रतेसाठी 'आयसोलेटर' नावाचं शिरस्त्राण काढलं. अख्खं डोकं आत, डोळ्यांपुढे कागदावरची जेमतेम ओळ दिसेल एवढी फट आणि श्वासाला प्राणवायूची नळी. काय माणूस असेल! पण आमच्याकडे त्याच्यावरही टकटक करून विचारतील, "अगं, झोपलीस का?"

शेवटी जागा सापडली ती दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या बाकावर. नंबर यायची वाट बघणाऱ्याला कुणीही रिकामं समजत नाही. उलट जरा कीवच करतात. आतून ड्रिलचा आवाज येतो, पण तो मला काही काम सांगत नाही. चौथं प्रकरण तिथेच सुरू झालं. परवा रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, या आता, तुमचाच नंबर."

"या काकांना जाऊ द्या आधी," मी म्हटलं, "त्यांचं फार दुखतंय. आणि माझी तळटीप व्हायचीय."

काका म्हणाले, "मला घाई नाही. मीही पेपर तपासतोय."